गान्सबाईच्या पाण्यात, पिंजऱ्यातून शार्क पाहताना

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या मालवण-रत्नागिरीच्या बाजारात ‘मोरी’ म्हणून जो लहान शार्क मिळतो, त्याच्या थोरल्या भाऊबंदांना पाण्यातल्या पिंजऱ्यात उतरून समोरासमोर पाहायला जगभरातून माणसं दक्षिण आफ्रिकेतल्या गान्सबाईला जातात. केप टाऊनपासून गाडीने दोन-सव्वादोन तासांवर हे गाव आहे. क्लाइनबाईच्या छोट्या बंदरातून बोटी सुटतात. समोर डायर बेट, त्याच्या शेजारी गायझर रॉक, आणि त्या खडकावर सुमारे ६० हजार सील, म्हणजे मासे खाणारे समुद्री सस्तन प्राणी. शार्क येतात ते या सीलसाठी.

पैसे भरण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. जाहिरातीत ग्रेट व्हाइट शार्कचा जबडा असतो, पण २०१७ साली इथल्या किनाऱ्यावर यकृत नसलेले ग्रेट व्हाइट मृतावस्थेत वाहून आले. ओर्का, म्हणजे किलर व्हेल, त्यांची शिकार करू लागले होते. तेव्हापासून ग्रेट व्हाइटचं दर्शन बेभरवशाचं झालं आहे. आता पिंजऱ्याभोवती बहुतेक वेळा फिरतो तो ब्रॉन्झ व्हेलर: तांबूस, चपळ, तीन मीटरपर्यंतचा. तोही पाहण्यासारखाच आहे, मात्र अपेक्षा आधीच जुळवून घ्यावी. म्हणून बुकिंग करताना थेट विचारा, ‘गेल्या सात दिवसांत कोणते शार्क दिसले? एकही दिसला नाही तर काय?’ पुष्कळ ठिकाणी पैसे परत मिळत नाहीत, दुसऱ्या फेरीचं कूपन मिळतं.

पिंजरा खोल जात नाही. तो बोटीच्या कडेला बांधलेला असतो आणि त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहतो. म्हणून डायव्हिंगचं प्रमाणपत्र लागत नाही, आणि पोहता न येणाऱ्यांनाही बहुतेक बोटी घेतात. पाण्यात माशाचं तेल आणि मासळीचा चुरा सोडतात, त्याला ‘चम’ म्हणतात. दोरीला माशाचं डोकं बांधून ते पिंजऱ्यासमोरून फिरवतात. हे आमिष शार्कला खाऊ घालण्यासाठी नसतं. दोर हाताळणारा खलाशी कसलेला हवा, कारण आमिष पिंजऱ्याच्या दिशेने ओढलं की शार्क वेगात मागोमाग येतो, आणि त्याला मागे सरकता येत नाही. २०१६ साली मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटाजवळ आमिषामागे झेपावलेला ग्रेट व्हाइट असाच पिंजऱ्यात घुसला होता. आतला माणूस सुखरूप बाहेर आला.

शार्क कधी कधी गजांनाच तोंड लावतो. त्याच्या नाकाडावर बारीक छिद्रं असतात, त्यांतून त्याला क्षीण विद्युतप्रवाह जाणवतो, आणि खाऱ्या पाण्यातला धातू असा प्रवाह निर्माण करतो. हे ठाऊक असलं की धडकीचा पहिला क्षण सोपा जातो. हात, पाय, कॅमेऱ्याची काठी, काहीही गजांबाहेर नको. धरायला आतल्या बाजूचा दांडा असतो, तोच धरायचा.

आता पाण्यातलं तंत्र. वेटसूट, म्हणजे थंडीपासून वाचवणारा जाड रबरी पोशाख, माणसाला वर तरंगवतो, म्हणून वजनांचा पट्टा देतात. डोकं पाण्याबाहेर ठेवून थांबायचं. खलाशी ‘डाऊन, लेफ्ट’ असं ओरडला की श्वास घेऊन दांड्याच्या आधाराने खाली जायचं, पाय खालच्या गजात अडकवायचे आणि डावीकडे पाहायचं. छाती गच्च भरून श्वास घेतला तर शरीर वर उचललं जातं, आणि शार्क निघून जाईपर्यंत आपण खाली जाण्यासाठी धडपडतच राहतो. निम्मा-पाऊण श्वास पुरतो. मास्कच्या कडेखाली केस किंवा टोपीची घडी अडकली की पाणी शिरतं. दाढी-मिशी असेल तर मास्क आधी बसवून पाहा.

सहल बिघडते ती बहुधा थंडीने आणि उलटीने. पाणी साधारण १२ ते १८ अंश असतं. आपल्या कोकणच्या समुद्राची सवय असलेल्याला पहिल्या मिनिटात धाप लागते. सूट घट्टच हवा, सैल सुटात गार पाणी खेळत राहतं. बोट नांगरून उभी असते, लाटांवर डोलते, त्यात त्या ‘चम’चा, म्हणजे मासळीच्या चुऱ्याचा वास. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून बोटीत चढण्याआधी तासभर घ्या. मळमळू लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. उपाशीही जाऊ नका. कोरडा टोस्ट, केळं बरं. बोटीवर नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइलच्या पडद्यावर नको.

वारं आणि लाटा वाढल्या की फेरी रद्द होते, म्हणून हाताशी एक दिवस जादा ठेवा, आणि फेरी मुक्कामाच्या सुरुवातीलाच ठरवा. प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले नाहीत ना, तेही पाहा. मुंबईहून जाताना नैरोबी किंवा आदिस अबाबाला १२ तासांहून जास्त थांबा असेल तर पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो, आणि तो लस घेतल्यापासून १० दिवसांनी ग्राह्य होतो. पिशवीत टॉवेल, लोकरीची टोपी, वारं अडवणारं जाकीट आणि कोरडे मोजे ठेवा. पाण्याबाहेर आल्यावर भिजलेल्या अंगाला वारा लागतो तेव्हा हुडहुडी भरते, आणि बाकीच्यांची पाळी संपेपर्यंत बोट परत फिरत नाही.