चार तासांचा हिशेब

(दृश्य: पहाट. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचं बसस्टँड. जांबोटीकडून बस येते.)

या बसमधून कामाला, बाजाराला, कॉलेजला जाणारी माणसं उतरतात. एखाद्याच्या दंडावर फुगलेली शीर दिसते. तो डायलिसिसला निघालाय. आठवड्यातून दोनदा, कुणी तीनदा.

सरकारी दवाखान्यातल्या डायलिसिस विभागाची इमारत सरकारची असते, पण मशीन बऱ्याचदा खासगी कंपनीचं. २०१६ साली जाहीर झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम याच भागीदारीवर उभा आहे. जागा, वीज आणि पाणी सरकारचं. मशीन, पाणी शुद्ध करणारा आरओ प्लान्ट, तंत्रज्ञ, आणि डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारा फिल्टर, हे कंपनीचे. गरीब रुग्णाच्या प्रत्येक डायलिसिसमागे सरकार कंपनीला पैसे देतं.

प्रश्न या "प्रत्येक डायलिसिसमागे" मध्ये आहे.

एक डायलिसिस साधारण चार तासांचं. रक्तातली घाण वाहून नेणारा द्रव मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने फिल्टरमधून वाहतो, म्हणजे चार तासांत १२० लिटर. तीन तासांतच सुया काढल्या, तर ३० लिटर कमी. बिलावर मात्र तेही एकच डायलिसिस. रुग्णाला त्या दिवशी काही कळत नाही, उलट लवकर सुटल्याचं बरं वाटतं. मग पुढच्या पाळीआधी पाय सुजतात, रात्री आडवं झालं की धाप लागते. म्हणून करारात नुसती संख्या मोजून चालत नाही. सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, आधीचं आणि नंतरचं वजन, या नोंदींवर बिल अडलं पाहिजे.

(दृश्य: डायलायझर, जवळून. आत केसासारख्या बारीक नळ्या. बाहेर चिकटवलेलं रुग्णाचं नाव.)

डायलायझर धुऊन पुन्हा वापरतात तेव्हा तो त्याच रुग्णासाठी वापरायचा, दुसऱ्याला लावायचा नाही. धुतल्यावर आतली जागा मोजायची. मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की टाकून द्यायचा. जंतुनाशक उरलेलं नाही ना, हे पट्टीने तपासायचं. बी प्रकारची कावीळ असेल तर पुनर्वापर नाहीच, आणि मशीनही वेगळं. सरकारकडून बिल थकलं की माल संपत येतो, आणि "अजून एकदा चालेल" इथून घसरण सुरू होते. थकबाकी दोन कार्यालयांमधली. तिची किंमत मात्र खाटेवरच्या माणसाने मोजायची, हा उघड अन्याय आहे.

पावसाळ्यात खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात वीज जाते. मशीनची बॅटरी थोडाच वेळ टिकते. पंप थांबला तर नळ्यांत असलेलं रक्त गोठू लागतं, म्हणून तंत्रज्ञ हाताने पंप फिरवून रक्त परत शरीरात घालतो. जनरेटर दवाखान्याचा, मशीन कंपनीचं. मग डिझेल कोणी भरायचं? करारात हे स्पष्ट नसेल तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. सेवा चालवायला दिली म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही.

आणि संमतिपत्र. ते कन्नडमध्ये, रुग्ण मराठी शाळेत शिकलेला. अंगठा उमटतो, पण डायलायझर कितव्यांदा लागतोय हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. समजून न घेता दिलेली संमती ही संमती नव्हे. निदान तोंडी, मराठीत सांगावं. दोन मिनिटांचं काम आहे.

घरच्यांनी एक वही ठेवावी. तारीख, सुरू-बंदची वेळ, दोन्ही वजनं, डायलायझरवरचं नाव आणि तो कितव्यांदा लागतोय तो आकडा. तक्रार दवाखान्याच्या आरोग्य रक्षा समितीकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी.

माहिती अधिकाराचा अर्ज कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत लिहावा. मराठी इथली राजभाषा नसल्याने मराठीतला अर्ज परत येऊ शकतो. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत. म्हणून तीन वेगळे अर्ज करावेत: एक करारनाम्यासाठी, एक वेळेच्या नोंदवहीसाठी, एक आरओच्या पाण्याच्या तपासणी अहवालासाठी.