'फोटो खोटा आहे' एवढं सांगून भागत नाही

नमस्कार मंडळी,

जाहिरातींचे फोटो 'साफ' करणं हा माझा व्यवसाय आहे, म्हणून कार्यकारिणीने आज मला बोलायला सांगितलं. आधी हे काम कसं चालतं ते सांगतो.

फोटो माझ्यापर्यंत येतो तेव्हा त्यात हाडामांसाचं माणूस असतं. मानेला घडी, कोपरावर काळसर कातडी, बसल्यामुळे पोटाला पडलेली वळी. त्वचेचा रंग आणि पोत आम्ही वेगवेगळ्या थरांवर घेतो. रंग एकसारखा करायचा, पण रंध्रं थोडी राहू द्यायची, कारण सगळी पुसली तर बघणाऱ्याला लगेच शंका येते. मग फोटोशॉपमधलं 'लिक्विफाय' उघडायचं. कंबर ब्रशने दोन्हीकडून जरा आत ढकलायची, दंड बारीक करायचे, मान लांबवायची. पुरुष असेल तर खांदे रुंद करायचे आणि पोटावरच्या सावल्या गडद. कंबरेबरोबर मागची दाराची चौकटही वाकते, ती शेवटी सरळ करायची. कुठे हात लावलाय हे कुणालाच कळलं नाही की काम जमलं.

आणि खरंच कळत नाही. नेदरलँड्समध्ये १४ ते १८ वयाच्या १४४ मुलींवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. काहींना इन्स्टाग्रामच्या धर्तीवरचे मूळ फोटो दाखवले, काहींना तेच फोटो बदलून. बदललेले फोटो बघणाऱ्या मुलींना स्वतःचं शरीर कमी आवडलं. स्वतःची इतरांशी सारखी तुलना करणाऱ्या मुलींवर तर जास्तच परिणाम झाला. फिल्टर लावलाय हे मुलींनी ओळखलं, पण शरीराचा आकार बदललाय हे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग फोटोवर तसं लिहून टाकावं, असं कुणालाही वाटेल. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड केलेल्या व्यावसायिक फोटोवर तशी सूचना छापावी लागते, नाहीतर ३७,५०० युरो किंवा त्याहूनही जास्त दंड होऊ शकतो. नॉर्वेने २०२२ पासून जाहिरात करणाऱ्या इन्फ्लुएन्सरनाही हा नियम लावला. कायदे चांगलेच आहेत, कंपन्यांवर त्यांचा वचक राहतो. पण सूचना वाचणाऱ्या मुलींचा स्वतःबद्दलचा असमाधानीपणा त्याने कमी होतो, असं बहुतेक प्रयोगांत दिसलेलं नाही. काही प्रयोगांत तर सूचनेमुळे नजर नेमकी शरीराकडेच वळली.

माझ्या पुतणीने मला एकदा विचारलं होतं, "काका, हे खोटं आहे हे मला माहितीये. तरी मला तसंच का दिसावंसं वाटतं?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता. सूचना वाचून होण्याआधीच नजरेने तुलना उरकलेली असते. आणि आता ही तुलना मासिकातल्या मॉडेलशीच होते असं नाही. कित्येक फोनचा कॅमेरा स्वतःचाच चेहरा न विचारता गुळगुळीत करून देतो. आरशात मात्र तो तसा नसतो, आणि हे मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं.

म्हणून पालकांनो, "अगं, ते सगळं फोटोशॉप असतं" एवढं बोलून विषय संपवू नका. इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणच्या ज्या खात्यांमुळे मन खट्टू होतं ती बघणं मुलांबरोबर बसून बंद करा. मुलांसमोर स्वतःच्या पोटाला, रंगाला नावं ठेवू नका. भेटल्याबरोबर "वजन वाढलं का रे?" हे तर सोडाच. मुलग्यांनाही हे लागतं, ते फक्त बोलून दाखवत नाहीत. जेवण टाळणं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन बसणं, फोटोतून सारखं पळ काढणं, दुखत असतानाही व्यायाम न थांबवणं, असं काही दिसलं तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांकडे जा. खाण्याचे विकार जिवावर बेतू शकतात, आणि उपचार लवकर सुरू झाले तर बरं होण्याची शक्यता वाढते.

मुलांनो, तुमच्यासाठी एक खरी गोष्ट. २०१२ साली अमेरिकेतल्या एका चौदा वर्षांच्या मुलीने 'सेव्हन्टीन' मासिकाकडे न बदललेल्या फोटोंची मागणी केली. हजारो लोकांनी तिच्या अर्जावर सह्या केल्या आणि मुलींच्या शरीराचा व चेहऱ्याचा आकार बदलणार नाही, असं मासिकाला छापून जाहीर करावं लागलं.

मंडळाच्या फोटो काढणाऱ्या मित्रांना आता एक विनंती. कॅमेऱ्यातली चेहरा उजळवायची सोय आज बंद ठेवा, आणि आपल्या संकेतस्थळावर फोटो जसे निघतील तसेच लावा.