जिथे हुकूम चालत नाही तिथला कारभार

नमस्कार. जिनिव्हाजवळ सर्न ही कणभौतिकीची मोठी युरोपीय प्रयोगशाळा आहे. तिथे ॲटलास नावाचा एक प्रयोग चालतो. त्याच्या शोधनिबंधांवर तीन हजारांच्या आसपास शास्त्रज्ञांची नावं असतात आणि ते चाळीसेक देशांतल्या दीडशेहून जास्त संस्थांमधून आलेले असतात. या सगळ्यांचा एक प्रमुख असतो, त्याला प्रवक्ता म्हणतात. या प्रमुखाला कुणाला नोकरीवर ठेवता येत नाही, कुणाला काढता येत नाही, कुणाची बढती अडवता येत नाही. ज्याचा त्याचा पगार ज्याच्या त्याच्या विद्यापीठातून येतो. प्रमुख दोन वर्षांसाठी निवडून येतो. त्याला निवडणाऱ्या मंडळात प्रत्येक संस्थेला एक मत असतं, मग त्या संस्थेची पाच माणसं असोत की पन्नास. त्या मंडळाचा अध्यक्ष पुन्हा वेगळा, म्हणजे धोरण ठरवणारे एक आणि ते राबवणारे दुसरे.

आणि ही मंडळी जमिनीखाली सुमारे शंभर मीटरवर ४६ मीटर लांब, २५ मीटर उंच आणि ७,००० टन वजनाचं, कणांच्या टकरी टिपणारं यंत्र उभं करतात. त्याचे भाग वेगवेगळ्या खंडांत तयार होतात आणि खाली गुहेत नेऊन जोडल्यावर बसतात. कायद्याच्या भाषेत ॲटलास ही कंपनी नाही, संस्था नाही, तिला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व नाही. जे आहे ते एका सामंजस्य करारावर. एका बाजूला सर्न, दुसऱ्या बाजूला निरनिराळ्या देशांच्या पैसे देणाऱ्या यंत्रणा. हा करार कोर्टात नेऊन बजावता येत नाही. कुणी आपला वाटा वेळेत दिला नाही तर काय? वर्षातून दोनदा सगळ्या पैसेवाल्या यंत्रणांची बैठक भरते, तिथे कुणाचं किती राहिलं ते सगळ्यांदेखत मांडलं जातं. शिक्षा म्हणायची तर एवढीच.

मग लोक का ऐकतात? माझं उत्तर आहे, नावासाठी. आणि हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. शास्त्रज्ञाची सगळी मिळकत शोधनिबंधावरच्या नावात असते, आणि हे चलन ॲटलाससारख्या प्रयोगात पूर्णपणे सामुदायिक करून टाकलेलं आहे. २०१५ साली ॲटलास आणि सर्नमधलाच सीएमएस या दोन प्रयोगांनी मिळून हिग्ज बोसॉन या मूलकणाचं वस्तुमान सांगणारा निबंध छापला. त्यावर ५,१५४ लेखक होते. एकूण ३३ पानं, त्यातली २४ पानं नावांची आणि संस्थांची. त्यावर भरपूर थट्टा झाली. थट्टा करणारे एक विसरतात: ही यादी आडनावांच्या वर्णक्रमाने असते. पहिला लेखक कोण, शेवटचा कोण, यावर जी भांडणं छोट्या प्रयोगशाळांत आयुष्यभर पुरतात, ती इथे एका फटक्यात संपवलेली आहेत.

नाव यादीत यायलाही अट असते. नव्या माणसाला आधी काही तांत्रिक काम करून दाखवावं लागतं: कुठल्या तरी उपकरणाचं मोजमाप, कुठला तरी संगणकीय कार्यक्रम, ज्यातून स्वतःचा निबंध निघणार नाही असं काम. त्यानंतर नियंत्रण कक्षात पाळ्या असतात, रात्रीच्याही. शिवाय यंत्र चालू ठेवण्याचा खर्च संस्थांवर वाटला जातो तो त्यांच्या डॉक्टरेटधारी लेखकांच्या संख्येप्रमाणे. हा नियम मला फार आवडतो. यादीत उगाच दहा नावं घुसवायची असतील तर दहा नावांचे पैसे भरा! म्हणजे नाव देण्याचा अधिकार हा इथला एकमेव खरा अधिकार, आणि तो कुणा एका माणसाच्या हातात नाही, नियमाच्या हातात आहे.

तोटा आहेच. पाच हजार नावांत एखाद्या तरुण मुलीने नेमकं काय केलं, हे नोकरी देणाऱ्या समितीला कसं कळावं? शेवटी वरिष्ठांची शिफारसपत्रं आणि परिषदेत कुणाला बोलायला उभं केलं यावर गोष्टी ठरतात. म्हणून भाषणं वाटणारी समिती ही या प्रयोगांतली अतिशय राजकीय जागा असते. बाहेरच्याला ती किरकोळ वाटते.

आता असं वाटेल की सैल करारांवर चालणारी ही व्यवस्था घट्ट कायदेशीर व्यवस्थेपेक्षा चांगली. तसं सरळ नाही. ॲटलासच्या पाठीशी सर्न आहे आणि सर्न मात्र पक्क्या आंतरराष्ट्रीय करारावर उभी आहे. १९५३ मध्ये करारावर सह्या झाल्या, १९५४ मध्ये तो लागू झाला, सुरुवातीला बारा देश. प्रत्येक देश आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात पैसे देतो आणि परिषदेत मत मात्र प्रत्येकाला एकच. जमीन, बोगदा, वीज, सुरक्षितता, कणांना वेग देणारा त्वरक हे सगळं सर्नचं. प्रयोगांना सैल राहणं परवडतं, कारण खालची जमीन घट्ट आहे.

याच्या शेजारी ईटर ठेवून पाहा. दक्षिण फ्रान्समध्ये कादाराश इथे अणुसंमीलनाचा, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा काढण्याचा, प्रचंड प्रकल्प उभा राहतोय. २००६ साली पॅरिसमध्ये सात सदस्यांनी करार केला: युरोपीय संघ, जपान, चीन, भारत, दक्षिण कोरिया, रशिया आणि अमेरिका. बांधकामाच्या खर्चात युरोपचा वाटा ४५ टक्क्यांच्या थोडा वर, बाकी सहा जणांचा प्रत्येकी नऊ टक्क्यांच्या थोडा वर. करार पक्का, मुख्यालय आहे, महासंचालक आहे. पण सदस्यांनी बहुतेक वाटा पैशांत द्यायचा नाही, वस्तूंत द्यायचा. तयार भाग आणून द्यायचे.

ॲटलासमध्येही वस्तूच येतात, मग फरक कुठे पडला? ईटरमध्ये प्रत्येक देशाला केवळ यंत्र नको होतं, ते बनवण्याची विद्या हवी होती. उद्या संमीलनातून वीज निघाली तर आपल्या कारखान्यांना ती कला यायला हवी. त्यामुळे एकच गोष्ट अनेकांत वाटली गेली. मुख्य चुंबकांच्या वेटोळ्यांसाठी लागणारी अतिवाहक केबल सहा सदस्यांनी बनवली. निर्वात पात्राचे नऊ भाग युरोप आणि कोरियात विभागले गेले. सात जणांच्या अंदाजपत्रकांची वर्षं वेगळी, निविदांचे नियम वेगळे, आणि एखाद्या भागात बदल करायचा तर तो भाग बनवणारी राष्ट्रीय यंत्रणा महासंचालकाच्या हाताखाली नाही. २०१३ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांनी व्यवस्थापनाची तपासणी केली आणि अहवाल चांगलाच कडक निघाला. २०१५ मध्ये बेर्नार बिगो महासंचालक झाले. त्यांनी येताना अटी घातल्या: तांत्रिक निर्णयात शेवटचा शब्द महासंचालकाचा, बदलांसाठी हाताशी राखीव निधी, आणि राष्ट्रीय यंत्रणांच्या प्रमुखांसह एक कार्यकारी मंडळ. त्यानंतर काम दिसण्याइतकं पुढे सरकलं. तरीही २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकात संशोधनाची सुरुवात २०३४ वर गेली, आणि ड्युटेरियम-ट्रिटियम या खऱ्या इंधनाचे प्रयोग २०३९ वर.

तुलना पूर्णपणे न्याय्य नाही, हे मान्य. ईटरला फ्रान्सच्या अणुसुरक्षा नियामकाची परवानगी लागते, तिथली अभियांत्रिकी वेगळ्याच जातीची आहे. पण ॲटलासमधला जो माणूस एखादा भाग बनवत होता, त्यालाच पुढे वीस वर्षं त्या भागातून येणारी आकडेवारी वापरायची होती. वाईट बनवला तर स्वतःच्याच पायावर धोंडा. ईटरचा भाग बनवणारा कारखाना माल पोचला की मोकळा.

आता मी ज्या मुद्द्यासाठी इथे उभा आहे त्याकडे येतो. माझं म्हणणं असं की कारभाराचा नियम कुणाच्या फायद्याचा ठरणार हे कुणालाच माहीत नसताना तो लिहिला गेला, तरच तो पाळला जातो.

अमेरिकेतला लायगो आणि इटलीतला व्हर्गो हे गुरुत्वीय लहरी पकडणारे दोन स्वतंत्र प्रकल्प. २००७ मध्ये त्यांनी ठरवलं, आकडेवारी एकत्र करायची आणि निष्कर्ष एकत्र छापायचे. तेव्हा दोघांच्याही हाती काहीच लागलेलं नव्हतं. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर आली ती लायगोच्या दोन केंद्रांवर. व्हर्गो त्या दिवशी सुधारणांसाठी बंद होतं! तरी फेब्रुवारी २०१६ मध्ये निबंध छापला गेला तेव्हा त्यावर व्हर्गोच्या लोकांची नावं होती. शोध लागल्यावर हा करार करायला बसले असते तर काय झालं असतं, याची कल्पना करा.

याच लायगोने त्याआधी स्वतःचीच परीक्षा घेतली होती. सप्टेंबर २०१० मध्ये यंत्रांत एक ठळक संकेत आला. मोजक्या लोकांना गुपचूप खोटा संकेत घुसवण्याचा अधिकार दिलेला होता, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. घुसवला आहे की नाही, एवढंच ठाऊक नव्हतं. सहा महिने शेकडो लोकांनी विश्लेषण केलं, निबंधाचा मसुदा लिहिला, शब्दाशब्दावर वाद घातले. मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बैठकीत खरं काय ते सांगणारं पाकीट उघडलं: संकेत खोटा होता. काहींना हा क्रूरपणा वाटला असणार. मला हा कारभाराचा उत्तम नमुना वाटतो. इतक्या माणसांनी मिळून हो म्हणायची रीत काय, हे त्यांनी खऱ्या शोधाच्या आधी, काही पणाला नसताना, करून पाहिलं. २०१५ मध्ये संकेत आला तेव्हा सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच होता की हाही घुसवलेला आहे का.

आता उलट उदाहरण. ऑपेरा नावाच्या प्रयोगात सर्नहून निघालेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण ७३० किलोमीटरवर इटलीत ग्रान सास्सोला मोजले जात. सप्टेंबर २०११ मध्ये त्यांनी जाहीर केलं की न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचतात. गटातल्या काहींनी सही करायला नकार दिला होता. पुढे प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसलेली नव्हती असं निघालं. मार्च २०१२ मध्ये गटात अविश्वासाचं मतदान झालं. प्रमुखाला हटवण्याइतकं बहुमत मिळालं नाही, पण प्रवक्ते आणि भौतिकी समन्वयक दोघांनीही राजीनामे दिले. चूक होणं हा माझा आक्षेप नाही. त्यांनी जगाला तपासायला बोलावलं, हेही बरोबरच. पण काही सहकारी सही करत नाहीत, त्या असहमतीचं वजन किती धरायचं आणि जाहीर करायची घटका कुणी ठरवायची, याची रीत त्या निकालाचं ओझं पेलण्याइतकी भक्कम नव्हती.

असाच न लिहिलेला नियम २०२२ मध्ये सगळ्यांना नडला. सीएमएस प्रयोगाच्या एका उपकरणात जे पितळ आहे, त्यातलं काही रशियन नौदलाच्या दुसऱ्या महायुद्धातल्या तोफगोळ्यांच्या कवचांपासून आलेलं. दहा लाखांहून जास्त कवचं वितळवली गेली. तिथले पंचाहत्तर हजारांहून अधिक स्फटिकही मोठ्या प्रमाणात रशियात वाढवलेले. थोडक्यात रशियन वाटा यंत्राच्या हाडामांसात. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं, ८ मार्चला सर्नच्या परिषदेने रशियाचा निरीक्षक दर्जा स्थगित केला. आणि मग प्रश्न आला तो पुन्हा नावांचा. रशियन संस्थांची नावं लेखकयादीत कशी लिहायची? युद्धाला पाठिंबा देणाऱ्या संस्थांच्या शेजारी आपलं नाव नको, असं काहींचं म्हणणं होतं. सहकाऱ्याने वर्षानुवर्षं काम केलंय, त्याचं नाव कसं गाळायचं, असं दुसऱ्यांचं. दोन्ही बाजू खऱ्या. एकमत होईना. कित्येक महिने लार्ज हेड्रॉन कोलायडरच्या, म्हणजे सर्नच्या सगळ्यात मोठ्या त्वरकाच्या, प्रयोगांचे निबंध लेखकांच्या यादीशिवाय फक्त प्रयोगाच्या नावाने ऑनलाइन ठेवले गेले आणि नियतकालिकांत छापायचे थांबले. २०२३ च्या सुरुवातीला तोडगा निघाला: माणसाचं नाव राहील, संस्थेच्या नावाऐवजी सर्नशी सहकार्य करार असलेली संस्था एवढाच उल्लेख. रशियाशी असलेला करार नोव्हेंबर २०२४ मध्ये संपला, नूतनीकरण झालं नाही. रशियातल्या दुब्ना इथल्या आंतरराष्ट्रीय अणुसंशोधन संस्थेशी असलेला करार मात्र चालू ठेवला गेला, त्यावर युक्रेनची नाराजी राहिली. हे तोडगे वाईट नाहीत, पण आगीत विहीर खणून काढलेले आहेत. सीमेपलीकडच्या भांडणात लेखकयादीचं काय करायचं याचा नियम शांततेच्या वर्षांत लिहिता आला असता. कुणी लिहिला नाही, कारण तो मसुदा मांडणं म्हणजे भर बैठकीत कुणाकडे तरी बोट दाखवणं.

जॉर्डनमधल्या सेसमी या सिंक्रोट्रॉन केंद्राला, म्हणजे त्वरकातून निघणाऱ्या प्रखर प्रकाशावर प्रयोग करणाऱ्या केंद्राला, नियम न लिहिण्याची ही सवलत नव्हती. २०१७ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. तिथे इराण, इस्रायल, पॅलेस्टाईन, पाकिस्तान, तुर्की, सायप्रस, इजिप्त आणि जॉर्डन एका परिषदेत सदस्य. यातल्या काहींना एकमेकांची राजनैतिक मान्यताही नाही. म्हणून सर्नचा नमुना समोर ठेवून नियम लिहिताना भांडण आधीच धरलेलं होतं. एका टेबलावर बसणं जमलं. अडकलं ते भलत्याच ठिकाणी: निर्बंधांमुळे इराणला आपली वर्गणी बँकेतून पाठवताच येईना.