वायफाय कार्डाची झोप कोणाच्या हातात?

लिनक्स लॅपटॉपवर वायफाय अडखळू लागलं की ‘पॉवर सेव्ह (वीज वाचवण्यासाठी वायफाय कार्डाला मधूनमधून झोपवणारी सोय) बंद करा’ असा सल्ला लगेच मिळतो. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. बंद केलेला पॉवर सेव्ह पुढच्या बूटला पुन्हा चालू सापडतो, कारण या खटक्यावर एकाहून जास्त हात असतात. शिवाय कधी कधी बिघाड या खटक्यात नसतोच.

आधी कार्ड झोपतं म्हणजे काय ते पाहू. कार्ड एक रिकामी फ्रेम पाठवून राउटरला कळवतं की आता मी झोपतोय. तिथून पुढे त्याच्यासाठी आलेली पॅकेट राउटर स्वतःकडे धरून ठेवतो आणि कोणाची पॅकेट पडून आहेत याची यादी प्रत्येक बीकनमध्ये, म्हणजे ठराविक अंतराने पाठवल्या जाणाऱ्या हाकेत, देतो. बीकन सहसा दर 102.4 मिलिसेकंदांनी येतो. कार्ड तेवढ्यापुरतं जागं होतं आणि यादीत आपण असलो तर पॅकेट मागून घेतं. मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेक उपकरणांना पाठवलेली पॅकेट, त्याहून उशिरा, डीटिम बीकननंतर सुटतं; दर कितवा बीकन डीटिम असेल ते राउटरवरचा डीटिमचा आकडा ठरवतो. राउटरवर डीटिम 3 असेल तर जवळपास 300 मिलिसेकंदांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्यातही गंमत अशी, की एक उपकरण झोपलेलं असलं तरी राउटर सगळ्यांचंच मल्टिकास्ट रोखून धरतो.

यावरून निदानाची चांगली युक्ती निघते. लॅपटॉपवरून राउटरला पिंग केलं, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तराला लागलेली वेळ मोजली, तर वेळ बहुधा ठीक दिसते, कारण पाठवताना कार्ड जागं होतं, पुढे थोडा वेळ जागंच राहतं आणि तेवढ्यात उत्तर येतं. म्हणून पिंग उलट्या दिशेने करा: तारेने जोडलेल्या दुसऱ्या मशीनवरून लॅपटॉपला. सेकंदाला एक पिंग केल्यावर वेळ 20, 90, 140 मिलिसेकंद अशी उड्या मारत असेल आणि दर 50 मिलिसेकंदांनी पिंग केल्यावर ती खाली येऊन स्थिरावत असेल, तर दोष झोपेचा. दोन्ही वेळा सारखीच खराब असेल तर सिग्नल किंवा चॅनेलची गर्दी तपासा. पॉवर सेव्हला हात लावून काही मिळणार नाही.

सध्याची स्थिती पाहायची तर टर्मिनलमध्ये ‘आयडब्ल्यू डेव्ह’ लिहून इंटरफेसचं नाव घ्या, मग त्या नावापुढे ‘गेट पॉवर अंडरस्कोर सेव्ह’. बंद करताना ‘गेट’च्या जागी ‘सेट’ आणि शेवटी ‘ऑफ’, अर्थात सुडोसह (प्रशासकाच्या अधिकाराने). हा बदल तात्पुरता असतो, आणि चाचणीसाठी तेच बरं. हाच पिंग पुन्हा चालवून फरक दिसला, तरच पुढे जा.

आता कायमचं. बहुतेक डेस्कटॉपवर हा खटका नेटवर्कमॅनेजर, म्हणजे नेटवर्क जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम, फिरवतो. त्याच्या वायफाय पॉवरसेव्ह सेटिंगच्या किमती चार: 0 म्हणजे डिफॉल्ट, 1 म्हणजे हात लावू नको, 2 म्हणजे बंद, 3 म्हणजे चालू. उबुंटूच्या अनेक आवृत्त्यांत नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ-डॉट-डी फोल्डरातली एक फाइल ती 3 करून ठेवते. त्या फोल्डरातल्या फाइली वर्णक्रमाने वाचल्या जातात आणि नंतरची आधीचीवर मात करते. तेव्हा आपली फाइल वेगळी करा, नाव ‘झेडझेड’ने सुरू करा, कनेक्शन विभागात किंमत 2 लिहा. नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट करून कनेक्शन पुन्हा जोडा. तरीही फरक नसेल तर त्या कनेक्शनच्या प्रोफाइलमध्येच वेगळी किंमत बसलेली असेल. प्रोफाइलमध्ये 0 असेल तरच ही फाइल विचारात घेतली जाते.

दुसरा हात टीएलपीचा, म्हणजे लॅपटॉपची बॅटरी वाचवणाऱ्या प्रोग्रॅमचा (तो बसवलेला असेल तर). त्याचा रिवाज असा की चार्जर असताना वायफायचा पॉवर सेव्ह बंद आणि बॅटरीवर चालू. चार्जर काढताच पिंग बिघडत असेल तर संशयित तोच. वायफाय पुन्हा जोडल्यावर बिघडत असेल तर नेटवर्कमॅनेजर. दोघांपैकी एकालाच मालकी द्या. टीएलपीला द्यायची तर नेटवर्कमॅनेजरमध्ये 1 ठेवा. माझा कल याच मांडणीकडे आहे: चार्जर लावलेला असताना झोपेतून काहीच मिळत नाही आणि बॅटरीवर ब्राउझ करताना एवढा उशीर जाणवतही नाही. बॅटरीवर असताना बाहेरून एसएसएच करून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून लॅपटॉपात शिरून, काम करणाऱ्यांनी मात्र ती सरळ बंद ठेवावी.

कार्ड मधूनच गायब होतं, कर्नल लॉगमध्ये फर्मवेअरच्या चुका दिसतात, अशी तक्रार असेल तर प्रकार वेगळा. इथे रेडिओ नाही, पीसीआय एक्स्प्रेसची (कार्डाला मदरबोर्डशी जोडणारी) जोडणी झोपते. त्याला एएसपीएम म्हणतात. इथे हमखास दिला जाणारा उपाय म्हणजे ‘पीसीआयई अंडरस्कोर एएसपीएम’ हा बूट पॅरामीटर ‘ऑफ’ करणं. पण त्याचा खरा अर्थ ‘कर्नलने एएसपीएमला हात लावू नये’ एवढाच. बायोसने ते चालू केलेलं असेल तर चालूच राहतं! त्यापेक्षा सिस-एफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरात) त्या कार्डाच्या ‘लिंक’ फोल्डरातल्या ‘एल-वन अंडरस्कोर एएसपीएम’ फाइलीत 0 लिहा. बाकीच्या उपकरणांची बचत शाबूत राहते. हे बूटनंतर टिकत नाही, म्हणून उपयोग झाला तर सिस्टमडीची (बूटच्या वेळी कामं चालवणाऱ्या व्यवस्थेची) छोटी सर्व्हिस करून तिथे बसवा. रिअलटेकच्या काही ड्रायव्हरना यासाठी स्वतःचा मॉड्यूल पर्याय असतो. ‘मॉडइन्फो’ या कमांडला ड्रायव्हरचं नाव दिलं की दिसतो.

यूएसबी डोंगल असेल तर आणखी एक झोप तपासायची, यूएसबी ऑटोसस्पेंडची. सिस-एफएसमध्ये त्या उपकरणाच्या ‘पॉवर’ फोल्डरात ‘कंट्रोल’ फाइल असते. तिच्यात ‘ऑटो’ असेल तर ‘ऑन’ करा. इथे ‘ऑन’ म्हणजे बचत चालू नव्हे, उपकरण सतत जागं. यात पुष्कळजण उलटं करून बसतात.