गरीला लागेल तेवढेच : निवतीच्या समुद्रातील कयाक मासेमारी

(दृश्य : निवतीचा किनारा, उजाडण्यापूर्वी)

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेंगुर्ले तालुक्यात निवती हे मच्छीमारांचे गाव आहे. गावाच्या एका अंगाला समुद्रात घुसलेल्या डोंगरावर जुना किल्ला आहे आणि उत्तरेकडे भोगव्याची पुळण कर्ली नदीच्या मुखापर्यंत गेलेली आहे. मार्गशीर्षातील वद्य अष्टमीची ही पहाट असल्यामुळे अर्धा चंद्र ऐन डोक्यावर आहे आणि त्याच्या उजेडात वाळूवर रांगेने मांडलेले कयाक ओळखू येतात. कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडी आणि पणजी येथून आलेली ही मंडळी गावातील दोन अनुभवी मच्छीमारांसोबत आज समुद्रात गरवायला, म्हणजे गरीने (गळाने) मासे पकडायला, जाणार आहेत. मच्छीमार त्यांच्या नेहमीच्या होडीत असतील आणि बाकीचे प्रत्येकी एका कयाकमध्ये.

अष्टमीचा दिवस मुद्दाम निवडलेला आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, पाणी पुष्कळ चढते, पुष्कळ उतरते आणि त्या प्रमाणात प्रवाहही जोरकस होतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा चढ-उतार कमी असल्याने प्रवाह मंदावतो आणि हाताने वल्हवणाऱ्या माणसाला समुद्र झेपतो. निवतीचे मच्छीमार हा हिशेब तिथीवरूनच मांडतात. त्याला जोड म्हणून गटप्रमुखाने हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा, म्हणजे इन्कॉइसचा, लाटांचा अंदाज सलग तीन दिवस पाहिलेला आहे, कारण वारा पूर्ण पडलेला असला तरी दूरवरच्या वादळाने उठवलेली लाट शांत दिवशीही किनाऱ्यावर येऊन फुटू शकते. आज दोन्ही हिशेब जुळले आहेत.

(दृश्य : कयाकवर सामान बांधणारे हात)

कयाक मूळचा आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांचा. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ही अरुंद नाव बांधत आणि तिच्यात बसून शिकार करत. इथे दिसणारे कयाक पॉलिथिलीनचे, साडेतीन ते चार मीटर लांबीचे आहेत. त्यांत आत शिरून बसायचे नसते, वरच्या खोलगट भागात बसायचे असते, आणि अंगावर आलेले पाणी तळातील भोकांतून आपोआप निघून जाते. कोकणाला अशी छोटी नाव परकी नाही. एका बाजूला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारे तरंगते लाकूड, लावलेल्या अरुंद होड्या या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वल्हवल्या गेल्या आहेत. एका माणसाचे दोन हात, एक वल्हे आणि एक दोरी एवढ्यावर चालणारी मासेमारी इथल्या लोकांनी पाहिलेली आहे आणि केलेलीही आहे. हा लघुपट काढावासा वाटला तो याच कारणाने.

प्रत्येक वस्तू कयाकला बांधलेली असते, हा पहिला नियम. वल्ह्याला दोरी, गळाच्या काठीला दोरी, चिमट्याला आणि सुरीलाही दोरी, कारण कयाक उलटला तर न बांधलेले सर्व काही तळाशी जाते. अंगावरचे जीवरक्षक जाकीट समुद्रात असेपर्यंत काढायचे नाही. जाकिटाला शिटी अडकवलेली आहे, मागे उंच काठीवर भगव्या रंगाचे निशाण आहे, फोन जलरोधक पिशवीत आहे आणि त्यात तटरक्षक दलाचा 1554 तसेच सागरी सुरक्षेचा 1093 हे दोन्ही क्रमांक आधीच घातलेले आहेत. निघण्याची वेळ, परतण्याची वेळ आणि सर्वांची नावे लिहिलेला कागद किनाऱ्यावर थांबणाऱ्या माणसाकडे दिला जातो.

(दृश्य : कंबरभर पाण्यातील सराव)

आता जे दिसते आहे ते या संपूर्ण सकाळीतील सर्वांत महत्त्वाचे काम आहे. एकेक जण मुद्दाम कयाक उलटवतो, उपड्या कयाकच्या पोटावरून हात पलीकडे टाकून कड धरतो, अंगाच्या भाराने तो पुन्हा सुलटा करतो, मग पाय पाण्यात जोराने मारत आडवा वर चढतो, पोटावर पालथा पडतो आणि नंतरच वळून बसतो. घाईने आधी बसायचा प्रयत्न करणारा पुन्हा पाण्यात पडतो, हे चित्रात आपोआप दिसते. हे न जमणाऱ्याला आज बाहेर नेले जाणार नाही, असे गटप्रमुखाने आदल्या रात्रीच सांगितले होते. एका सदस्याला तीन प्रयत्नांतही चढता आले नाही, म्हणून तो आता मच्छीमारांच्या होडीत बसला आहे.

(दृश्य : ड्रोनमधून, किनाऱ्यापासून दूर जाणारे कयाक)

ओहोटी लागलेली आहे आणि जमिनीकडून मतलई वारा वाहतो आहे. हिवाळ्यातील रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे जातो आणि काठाजवळचे पाणी तळ्यासारखे सपाट राहते. याच सपाट पाण्यात नवख्या माणसाची फसगत होते. मागून येणारा वारा नाव सहज पुढे नेतो, वल्हवण्याचे श्रम जाणवत नाहीत आणि किनारा किती मागे पडला हे मान वळवल्याशिवाय कळत नाही. पुढे जावे तसे वाऱ्याला मोकळे पाणी मिळत जाते आणि काठावरून न दिसणाऱ्या लाटा तिथे उठू लागतात. म्हणून ठरावीक वेळाने सर्वांनी थांबायचे, नाव वळवून दहा-बारा वल्ही किनाऱ्याकडे मारून पाहायची आणि परतीला किती जोर लागेल याचा अंदाज घ्यायचा, अशी या गटाची रीत आहे. हाक ऐकू जाईल यापेक्षा जास्त अंतर कोणत्याही दोन कयाकमध्ये पडू द्यायचे नाही. पुढे गटप्रमुख, शेवटी दुसरा जाणता आणि मधले सगळे जोडीजोडीने, अशी ही आखणी वरून पाहताना स्पष्ट दिसते.

तासाभराने सूर्य सह्याद्रीच्या वर आला आहे. किनाऱ्यापासून साधारण चार किलोमीटर आल्यावर नैर्ऋत्येला क्षितिजावर दीपगृह असलेली वेंगुर्ल्याची बेटे दिसतात. त्यांच्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. तिथपर्यंत आज जायचे नाही.

(दृश्य : होडीतील मच्छीमार किनाऱ्याकडे पाहत हात दाखवतात)

खडपाची जागा सापडली ती अशी. किल्ल्याच्या डोंगराचा कडा मागच्या एका टेकडीच्या रेषेत आला आणि दुसरीकडे झाडांचा ठरलेला झुबका एका घळीवर दिसू लागला, तेव्हा होडी थांबली. दोन दिशांच्या दोन खुणा जिथे जुळतात तिथे तळाशी खडक आहे, हे या मच्छीमारांना वडिलांकडून मिळालेले ज्ञान आहे. कयाकवरील प्रतिध्वनी यंत्राने त्यानंतर सात-साडेसात वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खोली आणि खडकाची उंचवटलेली रेषा दाखवली. यंत्राचा पडदा आणि मच्छीमारांची नजर एकाच जागी पोहोचलेली पाहून मंडळींच्या चेहऱ्यावर काय उमटले ते आपण पाहत आहात.

गरीला तारलीचा तुकडा लावून आणि खाली शिसे बांधून दोरी सोडली जाते. शिसे तळाला टेकल्याचा हलका धक्का बोटाला कळला की दोरी हातभर वर ओढून धरायची, म्हणजे गरी खडकात अडकत नाही. पहिल्यांदा शिंगाळा लागला. त्याच्या पाठीवरचा काटा विषारी असल्याने तो चिमट्यानेच सोडवला जातो. त्यानंतर तांबोशी आली आणि पाठोपाठ खडकाच्या कपारीत राहणारा गोब्रा. प्रत्येक मासा ओल्या पट्टीवर ठेवून मोजला जातो, कोरड्या हाताने धरला तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो म्हणून हात आधी पाण्यात बुडवले जातात. लहान निघालेला गोब्रा परत जातो. गोब्रा सावकाश वाढतो आणि वर्षानुवर्षे एकाच खडपावर राहतो, त्यामुळे एखाद्या जागेवरचे मोठे गोब्रे संपले तर ती जागा लवकर भरून येत नाही.

(दृश्य : पाण्यावर झेपावणारे सुरय, एक कयाक वेगाने ओढला जातो)

उत्तरेकडे सुरय पक्ष्यांचा थवा पाण्यात सूर मारताना दिसला, म्हणजे खाली तारलीचा थवा आहे आणि त्याला वर दाबणारा मोठा मासाही आहे. तीन कयाक सावकाश वल्हवत मागे आमिषाच्या दोऱ्या ओढत थव्याच्या कडेकडेने जातात. थव्यातून आरपार गेल्यास मासा खोल उतरतो. सुरमईचे दात कात्रीसारखे चालतात, म्हणून गरीच्या वर वीतभर तार जोडलेली असते. दोरी ताणली गेली, रीळ आवाज करत सुटले आणि माणसासकट कयाक वळून माशाच्या मागे निघाला. अशा वेळी रीळ घट्ट करायचे नाही, वल्हे मांडीवर आडवे ठेवायचे, काठी कयाकच्या नाकाकडे धरायची आणि माशाला ओढू द्यायचे. बाजूला धरलेल्या काठीने नाव कलंडते. जोडीदार शेजारी येऊन दुसरी कड धरतो तेव्हाच मासा वर घेतला जातो.

सुरमई मोजपट्टीवर आली आहे. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये 54 प्रजातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली, त्यात सुरमईसाठी 370 मिलिमीटर आणि बांगड्यासाठी 140 मिलिमीटर ही मर्यादा आहे. पहिल्यांदा अंडी घालण्याच्या वयापर्यंत पोहोचलेली सुरमई मात्र याच्या जवळपास दुप्पट लांब असते. या गटाने स्वतःवर कायद्यापेक्षा कडक बंधन घातले आहे आणि ते योग्यच आहे, असे आम्हाला वाटते. ही सुरमई त्या बंधनातही बसते. तिच्या डोक्यावर एक घाव घालून, कल्ल्यांतून रक्त काढून, ती बर्फ आणि समुद्राचे पाणी घातलेल्या पेटीत ठेवली जाते. दुसरी सुरमई लहान निघाली आणि कडेवरून पाण्यात सोडताच शेपटी मारून खोल गेली.

गरीने मासेमारी करणाऱ्याला प्रत्येक मासा हातात घेऊन पाहता येतो, तो जिवंत असताना निर्णय घेता येतो आणि जाळ्यासोबत येणारे पिल्लू, कासव किंवा प्रवाळाचा तुकडा त्याच्या वाट्याला सहसा येत नाही. माशांच्या अख्ख्या थव्याला वेढणारी पर्ससीन जाळी आणि मोठे जाळे ओढत नेणारे ट्रॉलर यांच्यामुळे, तसेच केंद्र सरकारने 2017 मध्ये बंदी घालूनही चाललेल्या एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीमुळे, याच पट्ट्यातील छोट्या होड्यांना किनाऱ्यालगत मिळणारा मासा घटला आहे.

(दृश्य : पाण्यावर उमटलेल्या बारीक लहरी)

साडेदहाच्या सुमारास मतलई थांबला. पाणी काही काळ अगदी निपचित राहिले आणि मग वायव्येकडून पहिल्या लहरी आल्या. जमीन तापली की खारा वारा सुरू होतो आणि दुपारपर्यंत तो लाटांना पांढरे तुरे आणतो. मासा लागत असतानाच गटप्रमुखाची शिटी वाजली आणि सर्वांनी दोऱ्या गुंडाळल्या. तिथे थांबण्याची इच्छा प्रत्येकाची होती, पण परतीची वेळ माशावर ठरत नाही. मागून तिरका येणारा वारा किनाऱ्याकडे जायला मदत करतो, तरी कयाक लाटेला आडवा होऊ नये म्हणून वल्हे सतत मागच्या बाजूला लावावे लागते. फुटणाऱ्या लाटांच्या अलीकडे सगळे थांबले, लाटांचा एक मोठा गट जाऊ दिला आणि एकावेळी एक असे आत शिरले.

(दृश्य : वाळूवर मासे, नोंदवही, वाटे)

किनाऱ्यावरच्या माणसाने कागदावरील प्रत्येक नावापुढे खूण केली. वहीत जात, लांबी, खोली आणि ठेवला की सोडला एवढी नोंद झाली. नंतर वाटे घातले गेले. सुरमईचे दोन तुकडे, एक तांबोशी आणि दोन शिंगाळे होडीच्या वाट्याला, कारण जागा त्यांनी दाखवली. उरलेल्यातून प्रत्येक वल्ह्याला सारखा वाटा, आणि तेवढाच वाटा कयाक सोडून होडीत बसलेल्या सदस्याला.