आधी तालमीला जा

नमस्कार मंडळी. जपानी शाळांमधले समारंभ आणि तिथे जाणारा पाहुणा शिक्षक, हा आजचा विषय. त्यातून आपल्या स्नेहसंमेलनांनी काय घ्यावं, तेही शेवटी सांगायचं कबूल केलं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, की समारंभाच्या आधी तालमीला जा. पुणेकरांना हे वेगळं समजवायला नको. गणपतीआधी नदीकाठी पथकांचा सराव किती आठवडे चालतो, ते आपण ऐकतोच, खिडक्या बंद केल्या तरी ऐकतो. विसर्जनाच्या दिवशी अलका चौकात येऊन कुणी "मलाही एक ढोल द्या" म्हणालं, तर देईल का कुणी? जपानी शाळेचंही तसंच आहे.

तिथलं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. मार्चमधला, शाळा संपवून जाणाऱ्या मुलांच्या निरोपाचा समारंभ म्हणजे सोत्सुग्योशिकी. त्यातलं प्रमाणपत्र घेणं नीट बघा. नाव पुकारलं की मूल "हाइ" म्हणून उठतं. इथे "हाइ" म्हणजे "हो", पाहुण्यानं उत्तरादाखल हात हलवू नये! मूल मंचावर जातं, मुख्याध्यापकांसमोर थांबून वाकतं. बहुतेक शाळांत आधी डावा हात पुढे, मग उजवा. कागद दोन्ही हातांत आला की एक पाऊल मागे, पुन्हा वाकणं, कागद डाव्या बाजूला घेऊन वळणं. तोवर पुढचं मूल जागेवर येऊन उभं असतं. एकानं पाऊल चुकवलं की मागची रांग अडते, म्हणून उठणं, वाकणं, बसणं यांचीसुद्धा तालीम होते. टाळ्या साधारणपणे मुलं आत येताना आणि बाहेर जाताना पडतात. दर प्रमाणपत्राला टाळी वाजवणारा पाहुणा एकटा पडतो. तालमीला बसलेल्याकडून ही चूक होत नाही.

आता माझी तक्रार. आपले शिक्षक निघताना बॅग भरतात ती साड्या, रांगोळी आणि लेझीम यांनी. "आपली संस्कृती दाखवायची आहे" म्हणतात. दाखवा, जरूर दाखवा. पण त्या शाळेचा कार्यक्रम कधी, त्यात आपल्याकडे कोणतं काम, हे विचारल्याशिवाय बॅग भरली, तर तिथे वर्षभर पाहुण्याच्या खुर्चीतच बसायला लागतं. तिथल्या मुलांनाही आपल्याकडून कार्यक्रमापेक्षा सोबत जास्त हवी असते, हे मला मनापासून वाटतं.

उंदोकाई, म्हणजे क्रीडादिन, यात ही सोबत सगळ्यात सोपी. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकचं उद्घाटन १० ऑक्टोबरला झालं. त्याची आठवण म्हणून १९६६पासून त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी असे, २०००पासून ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असते. शाळांचा क्रीडादिन मात्र उन्हामुळे आता अनेक ठिकाणी मे-जूनमध्ये होतो. प्राथमिक शाळेतल्या मुलांची टोपी एका बाजूनं लाल, उलटली की पांढरी. दोनच संघ, लाल आणि पांढरा. तामाइरे या खेळात उंच खांबावरच्या टोपलीत कापडी चेंडू टाकायचे. खरी मजा मोजणीची. दोन्ही टोपल्यांतून एकेक चेंडू एकाच वेळी वर उडवायचा आणि सगळ्या मैदानानं "हितोत्सु, फुतात्सु" मोजायचं. ज्याची टोपली आधी रिकामी, तो हरला. शेवटचे दोन-तीन चेंडू उरतात तेव्हा मैदानाचा आवाज कसा चढतो, ते ऐकण्यासारखं असतं. आणि मैदान आखणं, दोऱ्या आणणं, गुणफलक सांभाळणं यांतली बरीच कामं मोठ्या वर्गातल्या मुलांकडे असतात. या कामांची वाटणी आधीच ठरते. तो कागद मागून घ्या आणि त्यात आपलं नाव घालायला सांगा.

तिथल्या शाळेतल्या जेवणाचंही सांगतो, कारण शाकाहारी मंडळी बरीच दिसताहेत. मिसो सूपमध्ये, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सूपमध्ये, बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो, करीच्या तयार मसाल्यात प्राण्यांची चरबी असू शकते. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, "माशाचा अर्क आणि चरबीही नको" असं शब्दशः, आणि रुजू होण्याआधी कळवा. डबा नेण्याची परवानगीही तेव्हाच मागा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. स्नेहसंमेलनाचं आता भरभर सांगतो. पडदा, आवाज, खुर्च्या, निवेदन ही कामं मुलांना वाटून द्या आणि वाटणी फळ्यावर लावा. नाचात नसलेल्या प्रत्येक मुलाला त्यात एक काम मिळालंच पाहिजे. तालीम पूर्ण कार्यक्रमाची घ्या, फक्त गाण्यांची नको. प्रवेश आणि बाहेर पडणं यांची वेगळी तालीम घ्या, गोंधळ तिथेच होतो. पाहुण्यांची भाषणं दोन, तीही आधी ठरलेल्या वेळेत.

जाणाऱ्यांसाठी उरलेलं: शाळेच्या आत घालायला स्वच्छ बुटांचा वेगळा जोड न्या, व्यायामशाळेसाठी आणखी एक लागतो का ते विचारा. मार्चमध्ये व्यायामशाळा गार असते, सुटाच्या आत गरम कपडे घाला. आणि पुरुषांनी निरोपाच्या समारंभाला काळा टाय लावू नये, तो तिथे अंत्यविधीला लावतात.