दुसरा शनिवार

(माहितीपटाचं निवेदन. ठाणे स्टेशन. ट्रान्स-हार्बरचा फलाट, सकाळ.)

शनिवारची गर्दी जरा सैल असते. खिडकीजवळ बसायला मिळालंय, म्हणजे बघा. वस्त्यांत काम करणाऱ्या या ताईंच्या मांडीवर कापडी पिशवी आहे. तिच्यात पाण्याची बाटली, चार्ट पेपरची गुंडाळी, सुतळीत बांधलेले स्केचपेन आणि रबरबँड लावलेली एक डायरी. डायरीकडे लक्ष असू द्या.

(गाडी सुटते. खिडकीतून कारखान्यांच्या भिंती.)

ठाणे ते वाशी हा लोकलमार्ग 2004 मध्ये सुरू झाला. ताईंना उतरायचंय ते दिघा गाव स्थानक मात्र जानेवारी 2024 मधलं. त्याआधी त्या ऐरोलीला उतरून शेअर रिक्षा धरायच्या. रिक्षाचे पैसे कोणत्याही प्रोजेक्टच्या बजेटमध्ये बसत नसत. आजही बसत नाहीत, फक्त आता लागत नाहीत.

(दिघा. पुलावरून डोंगराचं दृश्य.)

समोर पारसिकचा डोंगर. त्याच्या पायथ्याशी ठाणे-बेलापूर रस्ता, रस्त्याच्या कडेने टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा, आणि कारखान्यांच्या पाठीमागून डोंगरावर चढत गेलेल्या वस्त्या. यादवनगर, चिंचपाडा, इलठणपाडा. कुणी खाणीत दगड फोडायला आलं, कुणी कंपनीत हेल्पर म्हणून, कुणी दुष्काळाच्या वर्षी मराठवाड्यातून आलं ते परत गेलंच नाही.

(समाजमंदिर. पायऱ्यांवर चपला. कॅमेरा चपलांवर थांबतो.)

आत जमलेल्यांपैकी कुणी बालवाडी चालवतं, कुणी बचतगट बांधतं, कुणी शाळाबाह्य मुलं शोधतं. आरोग्याचं काम करणाऱ्या एक ‘आशा’ताई आहेत, सुट्टीच्या दिवशी आलेल्या. कळवा, मुंब्रा, वागळे इस्टेट, तुर्भे, घणसोली. संस्था वेगवेगळ्या, पगार देणारे वेगवेगळे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ही मंडळी एकत्र बसतात. हाच दिवस का? राज्य सरकारी कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, आणि दुसऱ्या शनिवारी बँकाही बंद. दारं बंद असली की कार्यकर्त्याला रांगेत उभं राहावं लागत नाही. मग बसायला वेळ सापडतो.

(फरशीवर रांगोळी. वरून घेतलेलं दृश्य. हे पूर्ण जाऊ द्यावं.)

सुरुवात नकाशाने होते. आज दिघ्याची पाळी. पांढऱ्या रांगोळीने रस्ता, रेल्वे आणि डोंगराची कड. मग रंग. पिवळा म्हणजे एमआयडीसीची जमीन. हिरवा वनखात्याचा. डोंगराच्या कुशीत निळा ठिपका दिसतोय, ते रेल्वेचं ब्रिटिशकालीन धरण. लाल रंग गावठाणाला. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी रंग उरला नाही, म्हणून चुरमुरे पसरलेत. आता यावर चिंचोके ठेवायचे: शाळा, नळ, अंगणवाडी, दवाखाना. चिंचोका ठेवणाऱ्याने सांगायचं की ही गोष्ट कुणाच्या अखत्यारीत येते.

(ताईंचा हात. चिंचोका पिवळ्यावर ठेवते, उचलते, पुन्हा ठेवते.)

हा चिंचोका नळाचा आहे. जमीन एमआयडीसीची, पाणी पालिकेकडे मागायचं, आणि पाइप टाकायला खोदायचं तर परवानगी पुन्हा एमआयडीसीची. घर याच वस्तीतलं, पण उत्पन्नाचा दाखला हवा तर तहसील कार्यालय ठाण्यात, कारण नवी मुंबईचा हा सगळा भाग महसुलाच्या हिशेबाने ठाणे तालुक्यातच मोडतो. पालिका एकीकडे, तालुका दुसरीकडे. नवीन लागलेल्या कार्यकर्त्याचे पहिले सहा महिने हे समजण्यात जातात. इथे ते एका सकाळीत समजतं.

(इथे निवेदन नाही. चिंचोक्यांवरून झालेला वाद, थेट आवाज.)

हे सगळं सुरू झालं 2020 च्या टाळेबंदीत. त्या दिवसांचं चित्रण आमच्याकडे नाही. आहे तो एवढा एक कागद.

(कागद जवळून. घडीवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला.)

रेशनच्या किटची यादी. तीन संस्था एकाच वस्तीत धान्य वाटत होत्या. तिघींच्या याद्या वेगळ्या आणि तिघींच्याही रस्त्याकडच्या पहिल्या चार गल्ल्यांपर्यंतच्या. पुढच्या घरात तीन-तीन किट आली आणि मागच्या चढावरच्या खोल्यांत एकही नाही. एका बाईने तिन्ही याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या आणि पेन्सिलीने दुहेरी नावं खोडली. खोडलेल्या जागी वरच्या खोल्यांची नावं आली. ही पेन्सिलीची अक्षरं तिचीच. ती आज आलेली नाही, गावी गेलीय.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. परदेशातून आलेला निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेकडून वस्तीतल्या छोट्या मंडळाकडे जो पैसा झिरपत यायचा, तो आटला. कंपन्यांचा सीएसआर आहे. कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना 2014 पासून सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्चावे लागतात. आणि पट्ट्यातल्या शाळांच्या भिंती खरंच छान रंगल्यात.

(रंगवलेली भिंत. फुलपाखरू, सौरमंडळ, खाली कंपनीचं बोधचिन्ह धूसर केलेलं.)

पण अशा बैठकीसाठी पैसे मागितले, तर अर्जातल्या ‘लाभार्थी संख्या’ या रकान्यात काय भरायचं? एकदा एका देणगीदाराने या क्षेत्रातल्या लोकांची ‘नेटवर्किंग मीट’ भरवली होती, हॉटेलात. आम्हीही गेलो होतो. गळ्यात ओळखपत्रं, पिशवीभर व्हिजिटिंग कार्डं, दुपारी पनीर. चित्रीकरणाला परवानगी नव्हती, तेव्हा त्यातलं काही या फिल्ममध्ये नाही. चुकल्यासारखंही वाटत नाही.

(समाजमंदिर. भिंतीवर दोन चार्ट पेपर.)

नकाशा झाला की या फेरीला तोंड लागतं. एका कागदावर ‘हवं’, दुसऱ्यावर ‘आहे’. आपलं पद सांगायचं नाही, संस्थेचं कौतुक तर नाहीच. काय अडलंय आणि आपल्याकडे देण्यासारखं काय आहे, एवढंच. वाचूया.

‘हवं: बालवाडीसाठी जुने गालिचे.’ ‘आहे: शिलाई मशीन दोन, एकाची मोटर गेलेली.’ ‘हवं: अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सोबत जाणारा माणूस.’ ‘आहे: शनिवार-रविवार मोकळा मुलगा, लॉच्या शेवटच्या वर्षाला.’ आणि हे, हिरव्या स्केचपेनने, दोनदा अधोरेखित: ‘हवं: उर्दू वाचणारं कुणी.’

(डायरी. रबरबँड निघतो.)

आता डायरीकडे येऊ. वडार समाजातली एक मुलगी. आजोबा खाणीत दगड फोडायला आले होते. ती दहावी पास झाली, पॉलिटेक्निकला जायचंय आणि त्यासाठी जातीचा दाखला हवाय. वडार समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत येतो. त्यांच्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा लागतो, आणि त्या तारखेला घरचे जिथे राहत होते तिथल्या प्रांत कार्यालयातून दाखला घ्यावा लागतो. म्हणजे जन्म दिघ्यातला, शाळा दिघ्यातली, आणि कागद परभणी जिल्ह्यात. आजोबा शाळेत गेलेच नव्हते.

ताईंच्या डायरीत परभणीचं पान आहे. हे बघा. माणसाचं नाव झाकलंय, बाकीचं वाचा: ‘ऊसतोड मुलांची वसतिगृहं. संध्याकाळी 7 नंतर फोन. बोलणं कमी, काम पक्कं.’ चार वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात शेजारी बसलेला माणूस. त्यानंतर त्या त्याला दर दिवाळीला फोन करतात, बाकी काही नाही. ताईंचा तो प्रोजेक्ट तीन वर्षांनी संपला, मधे संस्थाही बदलली. डायरी तीच राहिली.

(मोबाइलच्या पडद्यावर फोटो. बोटाने मोठा केला जातो.)

त्या माणसाने गावच्या शाळेत जाऊन जुनी प्रवेश-निर्गम नोंदवही काढायला लावली. आजोबांचे एक चुलते दोन वर्षं शाळेत गेले होते, एवढं घरच्यांना आठवत होतं. पण हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, आणि त्या काळातली नोंदवही उर्दूत. मुख्याध्यापकांना वाचता येईना. त्याने पानांचे फोटो काढून पाठवले. ताईंना वाचता येईना. म्हणून चार्टवर हिरवं स्केचपेन.

दिघ्याच्या डोंगरापलीकडे मुंब्रा. डोंगरातून सरळ जाता आलं तर फार वेळ लागणार नाही. नाहीतर ठाण्याला उलटं जाऊन गाडी बदला. तिथे बालवाडी चालवणाऱ्या या मॅडम, इथे दुसऱ्या ओळीत बसल्यात. चष्मा कपाळावर होता, तो त्यांनी खाली घेतला.

(निवेदन नाही. मॅडम फोनवरचा फोटो वाचतात. मागे पंख्याची खरखर.)

नाव वाचलं, वडिलांचं नाव वाचलं, पुढच्या रकान्यावर बोट ठेवून थांबल्या. मग म्हणाल्या, “वडर लिखा है. साफ लिखा है.”

(ताईंचा चेहरा. पाच सेकंद.)

त्या शनिवारनंतरचं काम कागदाचं आणि चिकाटीचं. कुठल्या पानाची नक्कल मागायची हे कळलं, म्हणून अर्ज करता आला. अधिकृत भाषांतर करून घ्यावं लागलं. नाव बसतंय हे दाखवायला वंशावळ, तिच्यासाठी शपथपत्र. वंशावळ मुलीनेच काढलीय. वरच्या टोकाला चुलत-पणजोबा, खाली तिचा धाकटा भाऊ, आणि भावाच्या नावापुढे पेनाने काढलेला क्रिकेटचा चेंडू. ती प्रत शपथपत्राला लावता आली नाही, दुसरी लिहावी लागली. चेंडूवाली डायरीत राहिली. मूळ कागद परभणीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिले आणि पहाटे ऐरोली नाक्यावर उतरवून घेतले. ते आम्ही चित्रित करू शकलो नाही, ड्रायव्हर थांबायला तयार नव्हता. इकडे ठाण्याच्या तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमी लेयर. त्या कार्यालयात टोकन किती वाजता संपतात, हे वागळे इस्टेटच्या दादांनी सांगितलं. तेही डायरीत आहे.

प्रवेश झाला. जात पडताळणी बाकी आहे.

(पुन्हा समाजमंदिर. त्याच शनिवारची दुपार. चहाचे कप गोळा होतायत.)

ताई आता ‘आहे’च्या कागदावर काहीतरी लिहितायत. परभणीच्या त्या माणसाची वसतिगृहातली काही मुलं दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर इकडच्या वीटभट्ट्यांवर येणार आहेत. त्यांना इथे शाळेत बसवायचंय. त्याने आजवर काहीच मागितलं नव्हतं, हे पहिलं. लिहायचं होतं ‘हवं’वर, लिहिलं गेलं ‘आहे’वर. कुणीतरी बाण काढून दुरुस्त केलं.

(दारात सजावटवाले. प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत.)

संध्याकाळी इथे हळद आहे, हॉल चारला रिकामा करायचाय. चिंचोके डब्यात परत गेले. नकाशाचा फोटो काढून झाला, पण धरणाचा कोपरा फोटोत आलाच नाही आणि तोवर झाडू फिरला होता. चुरमुरे चिमण्यांसाठी बाहेर टाकले.

(ताई डायरीला रबरबँड लावतात. मुंब्र्याच्या मॅडम आपला नंबर सांगतायत, ताई हातावर लिहून घेतात.)

पुढची बैठक कळव्यात. तिथले पंखे चालतात म्हणे.